नागरवाड्यातली मेंढ्याची गाडी

जुनी मोटार म्हटली की आपल्या सीमाभागातल्या माणसाला आधी आठवते ती कोल्हापूरची मेबॅक. दसऱ्याला ती छत्रपतींच्या राजवाड्यातून दसरा चौकात येते आणि सोने लुटायला जमलेली गर्दी माना उंच करून तिच्याकडे पाहते. राजेरजवाड्यांच्या गाड्यांचे असे बरे असते. त्यांना जपायला राजवाडा असतो आणि मिरवायला दसरा असतो.

पण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत डॉक्टर, वकील, कंत्राटदार, पेढीवाले अशा मंडळींनी ज्या लांबरुंद अमेरिकन गाड्या घेतल्या, त्यांचे पुढे काय झाले? डॉज, प्लिमथ, शेवरलेट, ब्यूक. आपल्या आजोबांच्या तोंडी ही नावे असायची. त्यांतल्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. काही टॅक्सी झाल्या, काहींच्या पोटात डिझेलचे इंजिन बसवले गेले, काही गोठ्यामागे गंजून मातीला मिळाल्या. जशी आली तशीच राहिलेली गाडी आता हजारात एक म्हणावी इतकी दुर्मिळ.

अशी एक गाडी बडोद्याच्या नागरवाड्यात माझ्या मावशीच्या दारात उभी होती. १९५१ सालची डॉज किंग्जवे. गेल्या वर्षी ती विकायला काढली आणि मावशीचा फोन आला, ‘तू इतिहास शिकवतेस ना? मग इकडे ये. ही काय चीज आहे ते या गिऱ्हाइकांना नीट सांगायला कोणीतरी हवं.’ दिवाळीच्या सुट्टीत मी गेले. तिथे जे पाहिले, ऐकले आणि शिकले, ते आपल्याकडच्या घरांनाही उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

एका राज्यातली दोन गावे

मावशी बेळगावच्या शहापूरची माहेरवाशीण. १९७२ साली लग्न होऊन बडोद्याला गेली. मराठी तिची घरची, कानडी शेजारची, गुजराती सासरच्या गल्लीची. आता पंचाहत्तरी उलटली, पण तिन्ही भाषा अजून तिखट आहेत. आज बेळगावहून निघालेला माणूस ४८ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने कोल्हापूर, पुणे, मुंबई, सुरत करीत थेट बडोद्याला पोचतो. रस्ता एकच, पण वाटेत तीन राज्ये लागतात.

गाडीचे मूळ नोंदणीपुस्तक मावशीने माझ्या हातात ठेवले तेव्हा मात्र वेगळीच गोष्ट ध्यानात आली. त्यावर राज्य आहे मुंबई. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते, आणि बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्याच राज्यात होता. म्हणजे ही गाडी रस्त्यावर आली तेव्हा मावशीचे माहेर आणि सासर एकाच राज्यात होते. पुढे १९५६ आणि १९६० साली नकाशे बदलले, पाट्या बदलल्या. गाडी आपली नागरवाड्यातच राहिली.

ती घेतली मावशीच्या सासऱ्यांनी. ते बांधकामाचे कंत्राटदार होते. डॉजच्या बॉनेटवर पुढच्या टोकाला शिंगे वळवलेला मेंढा असतो, म्हणून सारी गल्ली तिला ‘मेंढ्याची गाडी’ म्हणे. आजही म्हणते.

अमेरिकन म्हणायची, पण कुणाची?

आपण तिला अमेरिकन गाडी म्हणतो, आणि नाव तर अमेरिकेचेच. डॉज कंपनी १९२८ मध्ये क्रायस्लरने विकत घेतली. पण मावशीच्या सासऱ्यांची गाडी जहाजातून सबंध उतरलेली नाही. तिचे सुटे भाग आले आणि ती जुळवली गेली मुंबईत, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. आणि या कारखान्याची कथा मराठी-कानडी घरांनी अवश्य ऐकावी अशी आहे.

हिंदुस्थानात मोटारी जुळवण्याचे काम आधी परक्या कंपन्यांच्या हाती होते. फोर्ड १९२६ मध्ये आली, जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईला शिवडीत कारखाना काढला. देशी माणसाने देशात मोटार का करू नये, हा प्रश्न जोराने मांडला तो सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी. म्हैसूरचे दिवाण म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात चोवीस वर्षे अभियंता म्हणून राबलेले. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. १९३५ च्या सुमारास ते युरोप-अमेरिकेचे मोटार कारखाने पाहून आले आणि त्यांनी इथल्या कारखान्याची योजना आखली.

त्या योजनेला भांडवलदार मिळाला तो सोलापूरचा. शेठ वालचंद हिराचंद. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ असताना योजनेला पाठिंबाही मिळाला होता. पुढे महायुद्ध पेटले आणि इंग्रज सरकारने हात आखडता घेतला. गंमत अशी की, मोटारीच्या बोलण्यांसाठी अमेरिकेला गेलेल्या वालचंदांना परतीच्या विमानात विल्यम पॉली हा विमानांचा व्यापारी भेटला, आणि त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजच्या एचएएलचे मूळ ते. मोटार शोधायला गेलेल्या सोलापूरकराने बंगळूरला विमानाचा कारखाना दिला!

मोटारीनेही फार वाट पाहायला लावली नाही. १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याहून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवले की नुसती जुळवाजुळव नको, ज्यांना देशात भाग बनवायचे आहेत त्यांनीच थांबावे. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या, प्रीमियर राहिली. वालचंद शेठ त्याच वर्षी गेले. पुढे प्रीमियरने फियाट आणली आणि त्या छोट्या गाडीपुढे मोठी डॉज मागे पडली.

मावशीला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘म्हणजे मामंजींनी परदेशी गाडी घेतली म्हणून लोक नावं ठेवायचे, ते उगाचच.’

जपलेली आणि नटवलेली

जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन जाती असतात. एक नटवलेली, म्हणजे सारे खोलून, नवा पत्रा, नवा रंग, नवी गादी घालून उभी केलेली. दुसरी जपलेली, म्हणजे जशी होती तशी सांभाळलेली. पहिली फोटोत उठून दिसते. पण जाणकार दुसरीपुढे जास्त वेळ उभा राहतो, कारण नटवणे पैशाने होते आणि जपायला माणसे लागतात.

नागरवाड्यातली गाडी दुसऱ्या जातीची. लांबी सोळा फुटांहून थोडी जास्त, रुंदी सहा फूट, पुढच्या आणि मागच्या चाकांत जवळजवळ दहा फुटांचे अंतर. आपली ॲम्बेसेडर चौदा फुटांची आणि फियाट तेरा फुटांना जेमतेम, यावरून अंदाज करा. पुढे-मागे सलग बाकासारख्या बैठका. मावशीच्या लग्नानंतर पावागडला जाताना तीत पोरासोरांसह अकरा माणसे बसली होती, असे ती शपथेवर सांगते. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढचे गिअर तीनच. इंजिन सहा सिलिंडरचे, ३.६ लिटरचे, ९७ अश्वशक्तीचे. पेट्रोल लिटरला सहा-सात किलोमीटर. १९७३ मध्ये जगभर तेल भडकले तेव्हा याच भुकेने अशा गाड्यांचा जीव घेतला. काकांच्या ओळखीच्या चार जणांनी तेव्हा डिझेल इंजिने बसवली. सासऱ्यांनी गाडी महिन्यातून दोनदाच काढायची असे ठरवले, पण इंजिनाला हात लावू दिला नाही.

या गाडीच्या खोडी काही और आहेत. विजेची जोडणी सहा व्होल्टची, त्यातही धन टोक बॉडीला जोडलेले. आजच्या मेकॅनिकने सवयीने उलट बॅटरी लावली की घोटाळा. हातब्रेक चाकांवर लागत नाही, गिअरबॉक्सच्या मागे फिरणाऱ्या दांड्यावर लागतो. आणि सगळ्यात मोठी खोडी म्हणजे डाव्या चाकांचे बोल्ट उलट आट्यांचे. आपण नेहमी सोडवतो तसा पाना फिरवला तर ते आणखी आवळत जातात आणि शेवटी तुटतात. क्रायस्लरच्या गाड्यांत ही रीत पुढे कित्येक वर्षे होती.

हे सारे मला सांगितले माझ्या मावसबहिणीने. काका २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून गाडी बघते ती. ताई शाळेत शिक्षिका आहे, सासर कारेलीबागेत. दर रविवारी सकाळी यायची, टायरची हवा बघायची, इंजिन गरम होईपर्यंत चालवायची, गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारायची आणि घरी जायची. आजोबांनी १९५१ पासून एक जाड वही ठेवलेली आहे. पेट्रोल किती, ऑइल कधी, कोणता भाग कुठून आणला, सगळ्याच्या नोंदी. आजोबांचे अक्षर, मग काकांचे, मग ताईचे. मधल्या काही नोंदी गुजरातीत, कारण तेव्हा गॅरेजवाल्यानेच लिहिल्या आहेत.

तीन गिऱ्हाइके आणि चार वाटे

मग विकायची का? कारण साधे आहे. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहणार आहे. मावशीला सदनिका मिळेल आणि खाली एका गाडीची जागा. त्या जागेत सोळा फुटांची डॉज मावत नाही. भाड्याच्या शेडमध्ये ठेवायची तर भाडे, राखण आणि उंदीर, तिन्हींचा हिशेब वेगळा. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा न्यूजर्सीत. दोघांनी फोनवर ठरवले की विकू या. ताईला कळले ते गिऱ्हाईक दारात आल्यावर.

मी होते त्या आठवड्यात तिघे आले. पहिला लग्नाचे मांडव घालणारा. त्याने सांगितलेला आकडा सर्वांत मोठा. त्याला वरातीसाठी गाडी हवी होती आणि वरचे टप कापून ती उघडी करायची होती, ‘म्हणजे नवरा-नवरी दिसायला हवेत ना, माजी!’ इंजिनही नवे बसवणार होता. तो समोर चहा पीत असतानाच मावशी हसतमुखाने मला कानडीत म्हणाली, ‘अवंगे कोडब्याड, टप कोय्तान.’ नागरवाड्यात बसून कानडीतून सौदा करण्याची सोय काही औरच!

दुसरा दलाल होता. त्याने गाडीकडे कमी आणि मेंढा, जाळी, चाकांच्या टोप्या, काचा यांच्याकडेच जास्त पाहिले. सुट्या भागांना स्वतंत्र भाव असतो हे त्याच्या डोळ्यांतच दिसत होते. तिसरे एक वयस्क गृहस्थ. त्यांनी आधी नोंदणीपुस्तक मागितले, इंजिन आणि चासीचे क्रमांक बॅटरीच्या उजेडात ताडून पाहिले, मग वही मागितली आणि तासभर वाचत बसले. आकडा मात्र मांडववाल्याच्या दोन तृतीयांश. ‘इंव छलो मनशा,’ मावशी म्हणाली, पण त्या फरकाचे काय करायचे ते तिलाही ठरवता येईना.

रात्री फोनवर वाद झाला. न्यूजर्सीच्या भावाचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. त्याच्यावर कर्ज आहे, आणि आईच्या उतारवयासाठी पैसा लागणार हे तो उघड बोलला. ‘विकल्यावर त्याने टप कापलं काय आणि रंग दिला काय, आपल्याला काय?’ असे त्याने विचारले. ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘दोघांच्या आकड्यात जो फरक आहे तो माझ्या वाट्यातून कापून घे.’

तेव्हा मला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. पहिली वाट्यांची. सासऱ्यांना काका एकटेच. सासऱ्यांची गाडी काकांकडे आली. काका मृत्युपत्र न करता गेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा मिळकतीत बायको, मुलगे आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणजे गाडीचे वाटे चार आणि सह्याही चार. ‘मुलीला विचारायचे राहून गेले’ ही सबब इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट नियमाची. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला पाच हजार. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदवली तर क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. पण अट अशी की चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि गाडी प्रदर्शन, रॅली, अभ्यास, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची, धंद्यासाठी नाही. म्हणजे टप कापले की तिचे व्हिंटेजपण गेले, आणि व्हिंटेज म्हणून नोंदवली की वरातीचे भाडे गेले. मांडववाल्याला दोन्ही हवे होते.

हे ऐकून थोरला भाऊ ताईच्या बाजूला वळला. धाकटा लगेच वळला नाही. दोन दिवसांनी त्याने फोन करून ‘तुम्ही ठरवा’ म्हटले, आणि त्या आवाजात राजीपणा थोडा आणि थकवा जास्त होता. ताईच्या वाट्यातून कापण्याची गोष्ट मावशीने मोडून काढली. ‘चौघांचे सारखे. जे कमी येईल ते चौघांचे कमी. गाडी विकतेय मी, मेंढा खाटकाला देत नाही.’

कागद आणि वही

सौदा त्या वयस्क गृहस्थांशी झाला. किंमत लिहू नकोस, असे मावशीने बजावले आहे. पण ‘झाला’ म्हणणे सोपे, करणे अवघड. कारण नोंदणीपुस्तकावर नाव अजून सासऱ्यांचेच! काकांनी ते आपल्या नावावर केलेच नव्हते. मालक वारल्यावर नाव बदलण्याचा अर्ज एकतीस नंबरच्या फॉर्मवर असतो. विक्रीसाठी एकोणतीस आणि तीस. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर ना-हरकतीसाठी अठ्ठावीस. दोन पिढ्यांचे मृत्यूचे दाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रे, न्यूजर्सीहून सहीचा कागद. यात पाच महिने गेले. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी विकली तर घेणारा-देणारा दोघांनीही आपापल्या परिवहन कार्यालयाला नव्वद दिवसांत कळवायचे असते, हेही याच धावपळीत समजले.

करारात मावशीने एक ओळ घालायला लावली, की टप कापणार नाही आणि इंजिन बदलणार नाही. ‘मोडली तर काय करशील?’ असे मी विचारले. ‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘पण लिहून दिलेलं माणूस दोनदा वाचतं.’ गाडी न्यायच्या आदल्या रविवारी ताईने नव्या मालकांना डाव्या चाकाचा बोल्ट स्वतः सोडवून दाखवला आणि त्यांच्याकडून सोडवून घेतला. वहीची तिने झेरॉक्स काढून घेतली. मूळ वही गाडीबरोबर गेली.

बडोद्याला जुन्या गाड्यांचे वावडे नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरातल्या जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह आहे. आपल्या बाजूला धर्मस्थळाला जुन्या गाड्या आहेत, आणि धर्मस्थळाच्याच पुढाकाराने २०२३ मध्ये म्हैसूरजवळ ‘पयण’ हे मोटारींचे संग्रहालय सुरू झाले आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

आणि वाचकहो, तुमच्याही घरामागे ताडपत्रीखाली आजोबांची गाडी, बुलेट किंवा लॅम्ब्रेटा असेल तर घाईने रंगवू नका आणि एकदम चालूही करू नका. आधी टाकीतले जुने पेट्रोल काढा, जाणत्याकडून इंजिन हाताने फिरवून पाहा. नोंदणीपुस्तक शोधा, क्रमांक ताडून पाहा, नाव कुणाचे आहे ते बघा आणि माणसे हयात असतानाच ते बदलून घ्या. जुने फोटो, पावत्या एका पाकिटात घाला. आणि विकायचेच ठरले तर वाटेकऱ्यांना विचारण्याआधी एवढे पाहा, की इतकी वर्षे तिची हवा कोण तपासत होते.